दाटीतून उमटणारा आकडा

काचेच्या भांड्यातल्या द्रवरूप हेलियमची वाफ पंपाने ओढत राहिलं, की हेलियम अधिकाधिक थंड होतं आणि खदखदत राहतं. 2.17 केल्विनला मात्र बुडबुडे एकाएकी थांबतात, पृष्ठभाग निवांत होतो. हेलियम अतिप्रवाही झालेलं असतं. नेमक्या त्या उंबरठ्यावर चढउतारांची नक्षी जवळून पाहा की लांबून, सारखीच दिसते. ही अवस्था कॉन्फॉर्मल फील्ड थिअरीच्या भाषेत मांडली जाते.

या थिअरीत प्रत्येक ऑपरेटरला, म्हणजे एखाद्या बिंदूपाशी पाहायच्या राशीला, एक आकडा असतो. अंतर वाढलं की परस्परसंबंध किती झपाट्याने विरतो, हे त्यावरून कळतं. पण इथे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं, की तो आकडा कागदावर काढणं जवळपास अशक्य.

2015 मध्ये सिमिऑन हेलरमन, डोमेनिको ओर्लांडो, सुझान रेफर्ट आणि मसाताका वातानाबे यांनी वेगळी वाट धरली: चार्ज भरपूर मोठा घ्यायचा. (हा विजेचा चार्ज नव्हे, सममितीमुळे कायम राहणारी एक संख्या.) ऑपरेटरचा आकडा म्हणजे गोलाच्या पृष्ठभागावरच्या एका अवस्थेची ऊर्जा, हे आधीच ठाऊक होतं. त्या गोलावर चार्ज दाटला, की त्याचा अतिप्रवाही द्रवच होतो. मग दाटी सोडून दुसरं मापच उरत नाही आणि ऊर्जा चार्जच्या दीडव्या घाताने वाढते. त्यानंतरचं पद अर्ध्या घाताचं. या दोन्ही पदांचे गुणक मात्र मोजूनच घ्यावे लागतात.

मला खरी भुरळ पडते ती तिसऱ्या पदाची: उणे 0.0937. चार्ज कितीही असो, हा आकडा तोच. या द्रवातल्या ध्वनीचा वेग थिअरीतल्या कमाल वेगाच्या सुमारे 71 टक्के. तोही सममितीनेच ठरलेला. द्रव अगदी शांत असतानाही ध्वनिलहरींची क्वांटम थरथर शिल्लक राहते आणि तिची बेरीज म्हणजे हा आकडा. बाहेरून काहीही उसनं घ्यावं लागत नाही.

पुढे देबाशीष बॅनर्जी, शैलेश चंद्रशेखरन आणि ओर्लांडो यांनी हेलियमच्या त्या उंबरठ्याच्या थिअरीसाठी संगणकावर मॉण्टे कार्लो पद्धतीने ते दोन गुणक काढले. ते सूत्रात घालून चार्ज 2 धरला तर उत्तर येतं सुमारे 1.236, बूटस्ट्रॅप या स्वतंत्र पद्धतीचं उत्तरही आहे 1.236. मोठ्या चार्जसाठी रचलेलं हे सूत्र चार्ज 1 असतानाही 0.51 देतं, बूटस्ट्रॅपचा आकडा आहे 0.519.