सार्वजनिक निधीचा उत्सव आणि प्रवेशाचा प्रश्न

ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे १९९६ पासून राष्ट्रीय बहुसांस्कृतिक महोत्सव भरतो. तेथील प्रादेशिक सरकारच्या निधीवर चालणाऱ्या या महोत्सवात फेब्रुवारी महिन्यातील तीन दिवस शहराच्या मध्यवर्ती रस्त्यांवर नाना देशांतून येऊन स्थायिक झालेले समाज आपले संगीत, नृत्य आणि खाद्यपदार्थ घेऊन उतरतात. गोरेतरांच्या स्थलांतराला अटकाव करणारे 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरण ज्या देशात १९७३ पर्यंत टप्प्याटप्प्याने मोडीत काढावे लागले, त्या देशात असा उत्सव सरकारी खर्चाने होणे ही स्थलांतरितांवर केलेली मेहेरबानी नसून त्यांच्या नागरिकत्वाची जाहीर मान्यता आहे. आणि म्हणूनच या पैशाचा लाभ कोणापर्यंत पोहोचतो, हा प्रश्न कार्यक्रम किती रंगला या प्रश्नाच्या आधी विचारला गेला पाहिजे.

प्रवेश विनामूल्य असला की उत्सव सर्वांना खुला झाला, असा समज आयोजकांमध्ये सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात रस्त्यावर आडव्या टाकलेल्या विजेच्या केबलमुळे चाकाची खुर्ची अडते, सांकेतिक भाषेचा दुभाषी मंचावर नसेल तर बधिर प्रेक्षकाला निवेदन कळत नाही, आणि स्वमग्न मुलाला गोंगाटापासून दूर घटकाभर बसता येईल अशी शांत जागा नसेल तर त्याचे सारे कुटुंबच घरी राहते. ज्या प्रौढ व्यक्तींना स्वतःहून उठता-बसता येत नाही त्यांच्यासाठी उचलण्याचे यंत्र आणि प्रौढांच्या मापाचा बाक असलेले स्वच्छतागृह लागते. नेहमीचे अपंगांसाठीचे स्वच्छतागृह त्यांच्या उपयोगाचे नसते. फेब्रुवारी हा कॅनबेरातील उन्हाळा असल्याने सावली आणि पिण्याचे पाणी यांचाही विचार याच यादीत व्हायला हवा. या गोष्टी मंचाचा आराखडा ठरतानाच अंदाजपत्रकात धरल्या तर त्यांचा खर्च सोसण्याजोगा राहतो. मागाहून जोडायच्या ठरल्या की पैसे संपल्याचे कारण देऊन नेमक्या त्याच वगळल्या जातात.

दुसरा अडसर तितकासा दिसत नाही. अशा उत्सवांत स्टॉल लावायचा तर शुल्क, विमा, अन्नसुरक्षेचे नियम आणि इंग्रजी अर्ज ही वाट चालावी लागते. जुन्या, सुस्थिर मंडळांना व व्यावसायिक विक्रेत्यांना ती जमते, पण नुकत्याच आलेल्या निर्वासितांचा स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा लहान गट तेथेच गळतो. सामायिक विमा, उत्पन्नानुसार शुल्क आणि स्वभाषेतील मार्गदर्शन यांवर केलेला खर्च एखाद्या नामांकित कलावंताच्या मानधनापेक्षा उत्सवाला अधिक बहुसांस्कृतिक करतो.

पर्यावरणाचा प्रश्न या दोहोंपासून वेगळा काढता येत नाही. कॅनबेराच्या प्रदेशात १ जुलै २०२१ पासून प्लास्टिकचे चमचे-काटे, पेय ढवळण्याच्या काड्या आणि थर्माकोलची खाद्यपात्रे यांवर, तर पुढच्या वर्षी याच तारखेपासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवरही बंदी आली. करोनाच्या खंडानंतर २०२३ मध्ये महोत्सव पुन्हा भरला तो या नियमांच्या चौकटीत. कुजणारी ताटे वापरली म्हणजे काम झाले असे मात्र नाही, कारण ती मिश्र कचऱ्यात गेली तर शेवटी कचराभूमीतच पुरली जातात. धुऊन पुन्हा वापरायची भांडी आणि ती परत घेण्याची केंद्रे हा अधिक खात्रीचा मार्ग असून त्याचा भार एकेका स्टॉलवर न टाकता आयोजकांनी उचलणे न्याय्य ठरेल.

स्ट्रॉचे उदाहरण विशेष बोलके आहे. हातांवर किंवा गिळण्याच्या क्रियेवर नियंत्रण नसलेल्या अनेकांना प्लास्टिकची लवचिक स्ट्रॉ हे पेय पिण्याचे सुरक्षित साधन असते. कागदी स्ट्रॉ विरघळते आणि धातूची इजा करू शकते. म्हणूनच या कायद्यात अशा व्यक्तींसाठी सवलत ठेवली आहे. मात्र स्टॉलवरच्या स्वयंसेवकाला ती माहीत नसेल तर तो नकारच देणार. तेव्हा मागणाऱ्याला कारण न विचारता स्ट्रॉ द्यावी, ही सूचना स्टॉलधारकांच्या प्रशिक्षणातच असली पाहिजे, आणि ती लिहिताना अपंग व्यक्ती नियोजन समितीवर मताधिकारासह बसलेल्या असल्या पाहिजेत.