व्हेपची कॉइल करपते तेव्हा

कॉइल गेली, वात बदलायला हवी, ही भाषा आपल्या वस्तीत एकेकाळी शेगडी आणि रॉकेलचा स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्यांची होती. आता ती सोळा-अठरा वर्षांच्या मुलांच्या तोंडी येऊ लागली आहे. खिशात काडेपेटीहून थोडी मोठी डबी, तारेचे छोटे भेंडोळे, कापसाची पट्टी, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि गोड वासाची एक बाटली. आईला वाटते, पोरगा मोबाईल रिपेरिंग शिकतोय. ते असते व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. सोबत तार आणि कापूस असेल तर समजावे की कॉइल स्वतः गुंडाळून, वात स्वतः भरून वापरायचा प्रकार आहे.

या नवशिक्या मुलांचे प्रश्न ठरलेले असतात. चव करपट का येते? गळते का? डबी तापते का? चोरून विकणारा त्यावर नवी तार आणि नवा कापूस विकून मोकळा होतो. आम्ही इथे त्याच प्रश्नांची उत्तरे देत आहोत, पण फुप्फुसाच्या बाजूने.

यंत्र साधे आहे. बॅटरीची वीज तारेच्या वेटोळ्यातून जाते, तार तापते. वेटोळ्यात कापसाची वात असते आणि तिची टोके द्रवात बुडालेली असतात. हा द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, वासाची रसायने आणि निकोटीन. तंबाखूची पुडी सुटू देत नाही ते हेच निकोटीन. वात द्रव वर ओढते, तार त्याची वाफ करते, मुलगा ती छातीत घेतो.

आता करपट चवीचे कारण. पाणी तापवायचा रॉड बादलीत बुडालेला असतो तोवर ठीक असतो. पाण्याबाहेर काढून बटण चालू ठेवले तर काय होते, हे प्रत्येक घराला माहीत आहे. वातीचेही तसेच. ती ओली असते तोवर तारेची बरीचशी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे 188 अंशांना उकळते, ग्लिसरीन 290 अंशांना. वात कोरडी पडली की उष्णतेला काम उरत नाही, तार झपाट्याने तापते आणि कापूस करपू लागतो. कापूस दाबून भरला, नवी वात द्रवात नीट भिजवलीच नाही, द्रव फार दाट आहे किंवा न थांबता झुरक्यावर झुरका घेतला, तर द्रव वर पोहोचत नाही. गोड चवीच्या द्रवातील साखरेसारखे पदार्थ तारेवर काळा थर धरतात, त्यानेही करपट वास येतो.

पण करपतो तो फक्त कापूस नाही. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल जास्त तापले की तुटतात. त्यांतून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात. तेल जळाल्यावर डोळ्यांना झोंबणाऱ्या धुरात असते ते अ‍ॅक्रोलिन. फॉर्माल्डिहाइड माणसाला कर्करोग करते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ठरवलेले आहे. अमेरिकेतील पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवले की 3.3 व्होल्टला जे रसायन सापडले नाही, ते 5 व्होल्टला सापडले. त्यावर टीका झाली की इतका करपट झुरका कोणी ओढणारच नाही. सराईत माणूस कदाचित ओढणार नाही. नवशिका मात्र हमखास ओढतो. त्याला वाटते, आपल्यालाच जमत नाहीये.

तोंडात गरम थेंब उडतात किंवा गुडगुड आवाज येतो तेव्हा उलटे झालेले असते. कापूस कमी पडला, द्रव जास्त झाला आणि कॉइल त्यात बुडाली. असा द्रव हाताला लागला तर साबणाने धुवावा, कारण निकोटीन कातडीतूनही शरीरात जाते. मळमळ, गरगरणे, घाम, छातीत धडधड ही त्याची लक्षणे.

तारेविषयी थोडे सविस्तर बोलायला हवे. बाजारातली तार कंथालची (लोखंड, क्रोमियम, अ‍ॅल्युमिनियम), निक्रोमची (निकेल, क्रोमियम) किंवा स्टीलची असते. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये रोज व्हेप ओढणाऱ्या 56 जणांची स्वतःची यंत्रे तपासली. बाटलीतल्या द्रवापेक्षा वाफेत शिसे, निकेल आणि क्रोमियम कितीतरी जास्त निघाले. म्हणजे धातू बाटलीतून नव्हे, तापलेल्या कॉइलकडून येत होता. ही झाली विकतची तार. पैसे वाचवायला कुणी घरातली कुठलीही तार गुंडाळू लागला तर प्रकरण आणखी वाईट. जस्ताचा मुलामा असलेली तार लालभडक तापली की जस्ताचा धूर निघू शकतो. पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्या आपल्या भावांना त्या धुराने रात्री चढणारा ताप चांगला ठाऊक आहे. डाग दिलेल्या तारेत शिसे असू शकते.

डबी तापते ती बहुधा वेटोळे चुकल्यामुळे. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 4.2 व्होल्टची. कॉइलचा रोध 0.5 ओहम असेल तर प्रवाह 8.4 अँपिअर. तारेचे टोक डबीच्या धातूला टेकले आणि रोध 0.1 वर आला की तोच प्रवाह 42 अँपिअर. साध्या बॅटरीला हे झेपत नाही. ती फुगते, पेटते, कधी फुटते. 2019 च्या जानेवारीत अमेरिकेत टेक्सास राज्यात व्हेप फुटून मानेची रक्तवाहिनी तुटल्याने 24 वर्षांचा तरुण मरण पावला. सुटी बॅटरी खिशात किल्ल्यांसोबत ठेवू नये. तिचे प्लॅस्टिकचे आवरण फाटले असेल तर ती वापरूच नये.

काही जण म्हणतात, इंग्लंडमध्ये सिगारेट सोडायला व्हेप सुचवतात. खरे आहे. पण तो सल्ला सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी आहे. आपल्याकडचे चित्र वेगळे. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रात तंबाखू घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण ती खाणारे किंवा मिश्रीसारखी लावणारे निघाले, ओढणारे थोडेच. आणि व्हेप हातात असलेल्या कितीतरी मुलांनी सिगारेट कधी ओढलेलीच नसते. त्यांच्यासाठी ती सोडण्याची शिडी नाही, चढण्याची आहे. पाचव्या शिलाचा अर्थ फक्त दारूपुरता घेणाऱ्यांनीही याचा विचार करावा. मिश्री लावणाऱ्या आजीला पोरावर ओरडायचा हक्क कितपत आहे, तेही पाहावे.

कायदाही माहीत असावा. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. साठा बाळगला तरी शिक्षा आहे. म्हणून मित्राचा माल चार दिवस घरात ठेवून घेणाऱ्या मुलाला हे आधी सांगा. आपल्या मुलांना वकील सहज मिळत नाही.

मुलाला मारू नका. कॉइल फेकून दिली तर दुसरी येईल, कारण तलफ कॉइलची नसते, निकोटीनची असते. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते. काही आठवड्यांत हे ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, क्रमांक 1800-11-2356. तिथे समुपदेशक बोलतात. मूल अठराच्या आतले असेल तर निकोटीनचा च्युइंगम स्वतःहून देऊ नका, आधी डॉक्टरांना दाखवा. दम लागणे, छातीत दुखणे, ताप आणि खोकला एकत्र आला तर थांबू नका, दवाखान्यात जा आणि व्हेप ओढत होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजेने लपवले तर उपचार चुकतो.

घरात लहान मूल असेल तर ती गोड वासाची बाटली आजच हलवा. त्यातले थोडे निकोटीनही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. पोटात गेल्याची शंका आली तर उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन सरळ रुग्णालय गाठा. आणि यंत्र टाकायचेच ठरले तर बॅटरी कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. त्या ढिगाला कुणीतरी काडी लावतोच. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.