‘सर, उत्तर सांगा ना!’

पाण्याने भरलेल्या बादलीत प्लॅस्टिकचा डबा तरंगतो आहे. डब्यात 250 ग्रॅमचा दगड आहे. तो उचलून पाण्यात सोडला तर बादलीतील पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील? नववीच्या वर्गात आम्ही हा प्रश्न गटचर्चेला देतो, तेव्हा पाचच मिनिटांत कुरबुर सुरू होते : “सर, उत्तर सांगा ना, आम्ही लिहून घेतो!”

हा विरोध आपल्याला नवा नाही. काही मुले तो बोलून दाखवतात, काही नुसती गप्प बसतात. यावर एक खुलासा नेहमी ऐकू येतो. कोणी पाहून शिकतो, कोणी ऐकून, कोणी हाताने करून. आपली अध्यापनशैली मुलाच्या अध्ययनशैलीशी जुळली नाही की ते नाराज होते. हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली या समजुतीचे पुरावे तपासले. मुलांच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात हे खरे. पण आवडत्या शैलीत शिकवल्याने विषय अधिक समजतो, याला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही.

मग विरोध कशाला? हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने उत्तम व्याख्यान ऐकले, दुसऱ्याने तीच उदाहरणे आधी स्वतः सोडवून पाहिली. पुढच्या घटकाला गटांची अदलाबदल केली. चाचणीत स्वतः सोडवणाऱ्यांना अधिक गुण मिळाले. पण ‘आपण जास्त शिकलो’ असे वाटले ते व्याख्यान ऐकणाऱ्यांना!

कारण समजण्याजोगे आहे. ओघवते व्याख्यान ऐकताना आपण कोठेच अडखळत नाही, म्हणून सारे समजल्यासारखे वाटते. स्वतः सोडवताना चुका होतात, गोंधळ उडतो. तो गोंधळ हाच शिकण्याचा भाग असतो. मुलांना मात्र ते अपयश वाटते.

म्हणून मुलांना हे आधीच सांगावे. हार्वर्डच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला 20 मिनिटे देऊन हेच समजावले, तेव्हा या पद्धतीबद्दलचे बहुतेकांचे मत सुधारले. अर्थात प्रत्येक विरोधाचे कारण हेच नसते. प्रश्न फार अवघड असेल किंवा चुकल्यावर वर्ग हसत असेल, तर बदल आपणच करायला हवा. आणि चर्चेनंतर नीट स्पष्टीकरणही द्यायला हवे.

आता बादलीकडे वळू. तरंगत्या डब्यातील दगड आपल्या वजनाइतके, म्हणजे 250 घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारतो. त्याची घनता पाण्याच्या अडीचपट धरली, तर बुडाल्यावर तो फक्त 100 घन सेंटिमीटर पाणी सारतो. पातळी घटते.

हे उत्तर दोन ओळींत लिहून देता येते. पण वाद घालून, चुकून आणि शेवटी बादलीवर खूण करून ज्यांनी ते मिळवले, त्यांना पुढे जहाज का तरंगते हे वेगळे सांगावे लागत नाही. कुरबुरीला घाबरून आपण फळ्यावर उत्तर लिहिले, तर त्यांची ही संधी आपणच हिरावून घेतो.