दसऱ्याची गाडी, दिवाळीचं ऑइल

ऑइलच्या डब्यावरचे १०डब्ल्यू-३० हे आकडे आज उलगडायचे ठरले होते. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. बार्शीच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि त्यांचा प्रश्न नेमका याच दिवसांत घरोघरी पडलेला असणार. दसऱ्याला त्यांच्याकडे दोन गाड्या आल्या : मुलाला शंभर सीसीची मोटरसायकल आणि घरासाठी पेट्रोल कार. मोटरसायकल सहाशे किलोमीटरला पहिल्या सर्व्हिसिंगला नेली, तर ऑइल बदललं आणि त्याचे पैसे लावले. कार हजाराला नेली, तर डिपस्टिक बघून ‘ऑइल आता दहा हजारांना’ म्हणून परत पाठवली. पत्राचा शेवट असा : ‘दोघांपैकी आम्हाला फसवतंय कोण?’

कोणीच नाही. दोघांचंही बरोबर आहे.

नव्या सिलिंडरची आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत नसते. होनिंगच्या दगडांनी तिच्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा मुद्दाम मारलेल्या असतात. खोली काही मायक्रॉन. या रेघांत ऑइल धरून राहतं. रेघांमधले उंचवटे मात्र पिस्टनच्या रिंगांनी घासून सपाट व्हायचे असतात. जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं पीठ कचकचतं म्हणून कोणी खात नाही, तोच प्रकार. उंचवट्यांची भुकटी, गिअरच्या दात्यांचा किस, जोडणीच्या वेळी आत राहिलेला एखादा कण, कव्हरला लावलेल्या सीलंटचा तुकडा, हे सगळं ऑइलमध्ये उतरतं. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ही झीज सगळ्यात जास्त असते, मग ती झपाट्याने कमी होते.

इथवर दोन्ही गाड्या सारख्याच. हा कचरा पुढे जातो कुठे, तिथे त्यांच्या वाटा फुटतात.

कारमध्ये पंपाने ढकललेलं ऑइल बेअरिंगपर्यंत पोचण्याआधी कागदी फिल्टरमधून जातं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हा कागद त्याच्या निम्म्या आकाराचे कणही बऱ्यापैकी अडवतो. ऑइल तीन-साडेतीन लिटर, म्हणजे भुकटी पातळ पसरते. गिअरबॉक्सचं ऑइल निराळं, क्लच कोरडा. शिवाय हल्ली होनिंगच्या दुसऱ्या फेरीत आणखी बारीक दगडाने ते उंचवटे कारखान्यातच छाटून टाकतात. म्हणून बऱ्याच पेट्रोल गाड्यांच्या पुस्तकात हजाराला फक्त तपासणी आणि ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा वर्षाने असं लिहिलेलं असतं. हौसेने आधी बदललंत तर एंजिनाचं काही बिघडत नाही, खिसा तेवढा हलका होतो.

शंभर सीसीच्या मोटरसायकलीत जेमतेम एक लिटर ऑइल. त्याच ऑइलात क्रँक, त्याच ऑइलात गिअर आणि त्याच ऑइलात भिजलेला क्लच. म्हणजे क्लचप्लेटची भुकटीही त्यातच. आणि अडवायला काय? तळाशी तारेची जाळी. ती फक्त मोठा कचरा धरते.

हिरो होंडाच्या जुन्या ९७ सीसी एंजिनात आणखी एक गंमत आहे आणि तिच्याविषयी बोलल्याशिवाय मला राहवत नाही. क्रँकच्या उजव्या टोकाला पत्र्याच्या वाटीसारखा एक भाग असतो. तो क्रँकबरोबरच गरगर फिरतो. ऑइल त्यात शिरलं की जड कण कडेला फेकले जातात आणि तिथेच चिकटून बसतात. कागद नाही, बदलायचा सुटा भाग नाही. वर्षानुवर्षं न उघडलेली अशी वाटी मेस्त्रींनी उघडली की कडेला काळ्या मऊ चिखलाचा थर दिसतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडावा लागतो. मला हा भाग त्या एंजिनातला सगळ्यात हुशार वाटतो. पण त्याचं काम फेऱ्यांवर अवलंबून. हळू चालत्या एंजिनात बारीक कण त्यातूनही निसटतात. म्हणून पहिलं ऑइल लवकर काढून टाकणं हाच खरा फिल्टर. मोठ्या मोटरसायकलींत कागदी फिल्टर असतो, तरी ऑइल गिअर आणि क्लचसकट एकच असल्याने त्यांचीही पहिली बदली लवकरच सांगितलेली असते. स्कूटरमध्ये पट्टा कोरडा आणि मागच्या चाकाचं गिअर ऑइल वेगळं, पण एंजिन ऑइल एक लिटरच्या आतच आणि अडवायला बहुधा जाळीच. तेव्हा तिलाही हाच नियम.

बजाज चेतकवर वाढलेल्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं आणि जळून जायचं. बदलायचं ते फक्त गिअरबॉक्सचं. मग १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली, ‘फिल इट, शट इट, फरगेट इट’ म्हणत. जाहिरात पेट्रोलबद्दल होती. आमच्याकडच्या अनेकांनी ती ऑइललाही लागू केली!

आता पैशांचं. ‘फ्री सर्व्हिसिंग’मध्ये मजुरी फुकट असते, ऑइल नाही. ‘फुकट म्हणतात आणि बिल लावतात’ या रागापोटी पहिली सर्व्हिस टाळणारे पुष्कळ. चारशे-पाचशे रुपयांचं ऑइल वाचवून ते भुकटी पुढचे महिनेच्या महिने बेअरिंगमधून फिरवत राहतात. वर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस बुकातलं कोरं पान आडवं येतं ते वेगळंच.

जमलं तर ऑइल काढताना समोर उभे राहा. एंजिन कोमट असावं, म्हणजे ऑइल पुरतं निथळतं. ऑइलमध्ये उन्हात चमकणारी चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका. पहिल्या वेळी ती दिसणारच. बोटांना टोचेल असा तुकडा निघाला तर मात्र तिथेच दाखवा. ड्रेन बोल्ट आवळताना घाई नको. अॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की पाचशेचं काम हजारांवर जातं.

एक शेवटची गोष्ट, आणि ती बार्शीकरांच्या कारलाही लागू आहे. पुस्तकात किलोमीटरच्या पुढे ‘किंवा’ लिहून महिने दिलेले असतात. दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. गाडी मंडईपर्यंतच जात असेल तर एंजिन पुरतं तापत नाही आणि ऑइलमध्ये पाण्याचा अंश व कच्चं पेट्रोल साचत राहतं. तेव्हा मीटरवरचा आकडा छोटा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दसऱ्याला घेतलेल्या दुचाकीचं सर्व्हिस बुक आजच उघडा, आणि दिवाळीच्या पाहुण्यांना बाहेर फिरवण्याआधी पहिलं ऑइल बदलून घ्या.