पन्हळीवरच्या जाळीचा भाव कोण ठरवतं?

छतावर पडणाऱ्या पावसाचं वजन एकदा करून बघावं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या उपनगरांत असतं तसं एक दुमजली घर घ्या, वरून पाहिलं तर ४० फूट लांब आणि ३० फूट रुंद. त्यावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २,८०० लिटर पाणी उतारावरून खाली धावतं. जवळजवळ तीन टन! आणि ते झेलायला छताच्या कडेला असते पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची, पाच इंच रुंदीची एक पन्हळ. तिकडे तिला गटर म्हणतात. तिचा उतार डोळ्यांना जाणवतही नाही, दहा फुटांना जेमतेम पाव इंच. तेवढ्या उतारावर विसंबून ते सगळं पाणी कोपऱ्यातल्या उभ्या पाइपापर्यंत जातं आणि घराच्या पायापासून लांब सोडलं जातं.

मूठभर ओल्या पानांनी त्या पाइपाचं तोंड बुजलं की ही व्यवस्था कोलमडते. पाणी काठावरून सांडतं, भिंतीलगतच्या मातीत मुरतं, तळघरात पाझरतं. मागच्या अंगाने सांडलं तर ज्या लाकडी फळीवर पन्हळ ठोकलेली असते ती फळीच कुजते. म्हणून पन्हळीवर जाळी किंवा झाकण बसवायचं. पाणी आत, पान बाहेर. कल्पना एवढी साधी, पण भाव मात्र अजिबात साधा नाही. प्लास्टिकची जाळी दुकानातून आणून स्वतः बसवली तर फुटाला एक-दोन डॉलर. कंपनीची माणसं येऊन स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी किंवा वळणदार झाकण बसवून गेली तर फुटाला वीस डॉलरच्याही वर. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांच्या कोटेशनांतही मोठा फरक पडतो. त्याचं कारण शोधायला निघालं की माणूस आधी झाडांपाशी पोचतो आणि मग थेट द्रवांच्या भौतिकशास्त्रात.

सुरुवात मोजपट्टीपासून होते. काम रनिंग फुटावर मोजतात, पण घर केवढं यापेक्षा छत कसं हे इथे महत्त्वाचं. आपल्या ४० बाय ३० च्या घराला दोन पाखी छप्पर असेल, तर पाणी फक्त दोन लांब बाजूंनी उतरतं आणि पन्हळ लागते ८० फूट. त्याच घराला चार पाखी छप्पर घाला, पाणी चारही बाजूंनी उतरेल आणि पन्हळ होईल १४० फूट. जमीन तीच, पाऊस तोच, खर्च पावणेदोन पट. घर विकत घेताना हा हिशोब कोणाच्या ध्यानीमनीही नसतो.

पण मोजपट्टीपेक्षा किती तरी जास्त बोलतात ती झाडं. न्यू जर्सीचा राज्यवृक्ष आहे लाल ओक. त्याची मोठी, चिवट पानं शरद ऋतूत पडतात हे सर्वांना दिसतं. मे महिन्याच्या सुमारास ओक जे टाकतो ते मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या नर फुलांचे सुतळीसारखे लांब झुपके गळतात, ओले झाले की एकमेकांत गुंततात आणि जाळीवर लोकरीचा थर बसावा तसे बसतात. त्याच सुमारास लाल आणि रुपेरी मेपलच्या पंखवाल्या बिया गरगरत खाली येतात. या बीच्या पंखाच्या पुढच्या कडेवर हवेचा एक छोटा भोवरा तयार होतो आणि तो बीला वर उचलून धरतो, हे २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संशोधकांनी दाखवलं. लांब उडत जाण्यासाठी निसर्गाने दिलेली ही युक्ती बीला अलगद कोणाच्या तरी पन्हळीत आणून टाकते. तिथल्या कुजलेल्या पानांच्या खतात ती रुजतेही. अमेरिकेत पन्हळीतून वर आलेली मेपलची रोपं दिसतात ती अशी.

पांढरा पाइन सगळ्यांत कठीण. त्याच्या सुया पाचपाचच्या जुडीने येतात, प्रत्येकी बोटभर लांब. सुई टोकावर उभी राहून जाळीच्या भोकात शिरते, अर्ध्यावर अडकते आणि मागून येणाऱ्या सुयांना अडकायला आधार देते. मोठ्या भोकांची स्वस्त जाळी ओकच्या पानांपुढे टिकते, पाइनपुढे हरते. पाइनसाठी बारीक जाळीच लागते आणि ती महाग. शेजाऱ्याच्या अंगणातल्या झाडाने आपल्या घराचा खर्च वाढवावा, याला काय म्हणावं! मोजणीला आलेला जाणता माणूस म्हणूनच छताकडे पाहण्याआधी आजूबाजूला पाहतो. जो पाहत नाही त्याचं कोटेशन मी तरी बाजूला ठेवीन.

इथे कोकणाची आठवण येणं साहजिक आहे. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, न्यू जर्सीच्या दुपटीहून जास्त. तरीही जुन्या कौलारू घरांना अशी जाळी कधी लागली नाही. छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढलेलं, पागोळ्या अंगणात सुटायच्या आणि पाणी आपल्या वाटेने जायचं. शिवाय आपल्याकडे पानगळीचा भर माघ-फाल्गुनातला, पाऊस मृगाचा. दोन्हींच्या मधले काही महिने कोरडे. तेवढ्यात एकदा छपरावर चढून झाडून घेतलं की झालं. न्यू जर्सीत पाऊस बाराही महिने जवळजवळ सारखा, महिन्याला तीन ते पाच इंच. पानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात तेव्हाही तो पडतच असतो. पान आणि पाणी एकाच वेळी पन्हळीत येतात, म्हणून त्यांना तिथेच वेगळं करणारं काही तरी हवं. एका मोठ्या उद्योगाचं मूळ ऋतूंच्या या योगायोगात आहे, हे उमगल्यापासून मला ती जाळी निराळीच दिसू लागली आहे.

आता ते वेगळं करणं कसं घडतं ते बघू. वळणदार झाकणाला भोकं नसतातच. ते पन्हळीवर छपरासारखं पसरतं, पुढे त्याचं नाक खाली गोल वळतं आणि त्या नाकाखाली एक अरुंद फट असते. पाणी नाकावरून खाली घसरायचं सोडून वळणाला धरून उलटं आत जातं आणि फटीतून पन्हळीत पडतं. पानाला असं वळता येत नाही, ते सरळ खाली पडतं. पाणी का वळतं? चहा हळू ओतला की धार भांड्याच्या तोटीला चिकटून पोटावरून ओघळते आणि टेबल ओलं होतं, तेच इथे घडतं. मार्कुस रायनर या अभियंत्याने १९५६ साली या प्रकाराला ‘टीपॉट इफेक्ट’ असं नाव देऊन तो कोडं म्हणून शास्त्रज्ञांपुढे ठेवला. पुढच्याच वर्षी गणितज्ञ जोसेफ केलर यांनी दाखवलं, की केवळ पाण्याचा चिकटपणा याला कारण नाही. वळणावरून वाहताना पाण्याचा भिंतीकडच्या बाजूचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा त्याला भिंतीवर दाबून धरते. न ठिबकणाऱ्या तोटीच्या गणितासाठी केलर यांना १९९९ साली एका सहकाऱ्याबरोबर इग्नोबेल हे गमतीदार पारितोषिक मिळालं. कडेपाशी नेमकं काय होतं याचा सविस्तर सिद्धांत व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी मांडला तो थेट २०२१ साली. अमेरिकेतल्या छतांवर ही झाकणं त्याच्या किती तरी आधीपासून बसली होती.

या भौतिकशास्त्राची किंमत पुढे कोटेशनात उतरते. धार सावकाश असेल तर चिकटते, जोरात असेल तर सुटते. रिमझिम पावसात वळणदार झाकण सुरेख काम करतं. ढगफुटीसारख्या सरीत पाणी नाकावरून उडी मारून थेट बागेत पडतं. छत जितकं उभं, तितका पाण्याचा वेग जास्त. छताचे दोन उतार एकमेकांना मिळतात तिथल्या खोलगट रेघेतून तर दोन्ही उतारांचं पाणी एकवटून एकाच कोपऱ्यावर आदळतं. तिथे अडवणीची उभी पट्टी लावावी लागते, कधी पाच इंचांच्या जागी सहा इंची पन्हळ घ्यावी लागते. एका इंचाने पोट दीडपटीहून जास्त मोठं होतं, पण जुनी पन्हळ काढून नवी घालायचा खर्च येतोच.

बारीक जाळीची गोष्ट याहून नवलाची आहे. ०.४ मिलिमीटरचं भोक घ्या. जाळीच्या तारांना पाणी मुळीच लागत नसतं, तर पृष्ठताणाच्या जोरावर त्या भोकाने गणिताप्रमाणे सात सेंटीमीटर उंचीचं पाणी खाली न पडू देता वरच तोलून धरलं असतं! भोक उघडं आहे, खाली मोकळी हवा आहे आणि तरी पाणी पडत नाही. प्रत्यक्षात स्वच्छ धातूला पाणी लागतं, म्हणून ते झिरपतं. पण छतावरच्या डांबरी पट्ट्यांतलं, म्हणजे शिंगल्समधलं, तेल आणि वसंतातले पिवळे परागकण यांचा पातळ थर तारांवर चढला की जाळी पाण्याला नाकारू लागते आणि पाऊस तिच्यावरून घसरून पुढे जातो. म्हणून चांगल्या जाळ्यांच्या पोटाशी उभार ठेवलेले असतात. लोंबणारा थेंब त्यांना टेकतो आणि खाली ओढला जातो. तो उभार घडवण्याचेही पैसे भावात असतात, आणि माझ्या मते ते देण्याजोगे आहेत.

उंचीचं गणित सरळ आहे. बांधकामावरच्या माणसाला सहा फुटांपुढे पडण्यापासून संरक्षण द्यावं, असा अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा नियम आहे. दुमजली घराची पन्हळ त्याच्या जवळपास तिप्पट उंचीवर असते. शिडी चार फूट वर गेली की पायथा एक फूट भिंतीपासून दूर, या प्रमाणाने ती उभी करायला जागा लागते. तिथे झुडपं किंवा जमिनीचा उतार असला की वेळ वाढतो. छतावर काम करणाऱ्यांच्या विम्याचा हप्ताही जबर. फारच स्वस्त कोटेशन आलं तर विम्याचा कागद मागावा, कारण वाचवलेले पैसे बहुधा त्या माणसाच्या जिवावर वाचवलेले असतात.

धातूचा भाव दूरवरून ठरतो. २०१८ साली अमेरिकेने आयात ॲल्युमिनियमवर १० टक्के शुल्क लावलं, २०२५ मध्ये ते आधी २५ आणि मग बहुतेक देशांसाठी ५० टक्क्यांवर गेलं. तांब्याची पन्हळ असेल तर तिच्यावर ॲल्युमिनियमची जाळी चालत नाही, कारण दोन धातू ओले होऊन एकमेकांना भिडले की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मग जाळीही तांब्याची घ्यावी लागते.

कॅलिफोर्नियात तर प्रश्नच बदलतो. तिथे वणव्यात उडालेली ठिणगी पन्हळीतल्या वाळक्या पानांवर पडते आणि आग छताखाली शिरते. म्हणून वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांच्या पन्हळींत पालापाचोळा साचणार नाही अशी सोय करणं तिथल्या बांधकाम-नियमांनी सक्तीचं केलं. प्लास्टिकची स्वस्त जाळी वितळते आणि पेटते, म्हणून तिथे धातूचीच हवी. न्यू जर्सीत पाण्यासाठी बसवलेली वस्तू तिथे आगीसाठी बसते. उत्तरेकडच्या बर्फात मात्र जाळीकडून फार आशा धरू नये. घराच्या उबेने वितळलेला बर्फ छताच्या थंड कडेशी पुन्हा गोठतो आणि बांध घालतो. त्यावर इलाज वरच्या माळ्याच्या उष्णतारोधनात असतो.

भावाचा एक भाग कशातच दिसत नाही. तो जाहिरातींचा आणि घरी येऊन तासन्‌तास बोलणाऱ्या विक्रेत्याचा. ‘आज सही केली तरच सवलत’ हे वाक्य ऐकलं तरी घाबरू नये. घरी येऊन केलेली २५ डॉलर किंवा त्याहून जास्त रकमेची विक्री तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करण्याचा हक्क तिथल्या केंद्रीय नियमाने ग्राहकाला दिला आहे.

शेवटी हिशोब. समजा, १६० फुटांना वीस डॉलरप्रमाणे ३,२०० डॉलर झाले, आणि माणूस बोलावून पन्हळ साफ करायला एका खेपेला २०० डॉलर पडतात. पाइनखालच्या घराला वर्षातून चार खेपा लागत असतील, तर चार वर्षांत पैसे वसूल. ओक आणि मेपलच्या घराला दोन खेपा, म्हणजे आठ वर्षं. यात जाळीवरचा थर अधूनमधून झाडून काढायचा खर्च धरलेला नाही. तो धरला तर मुदत आणखी लांबते. जवळ झाडच नसेल आणि वर्षाला एक खेप पुरत असेल, तर सोळा वर्षं लागतील. तोवर शिंगल्स बदलायची वेळ जवळ आलेली असते, आणि ज्या जाळ्यांची मागची कड शिंगल्सखाली सरकवलेली असते त्या तेव्हा काढाव्याच लागतात.