पाडवा ते पाडवा

25 मार्च 2020. गुढीपाडवा, साडेतीन मुहूर्तांतला एक. ठाण्यातल्या राम मारुती रोड आणि गोखले रोडच्या व्यापाऱ्यांनी ज्याच्यासाठी महिनाभर आधी माल भरायचा, असा दिवस. नेमका तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस निघाला. कोपिनेश्वर मंदिराहून निघणारी स्वागतयात्रा आधीच रद्द झाली होती. चक्का मिळाला नाही, म्हणून आमच्याकडे श्रीखंडाऐवजी शिरा झाला.

नौपाड्यात, घंटाळीजवळ आमच्या गल्लीत तेव्हा एक पोळी-भाजी केंद्र होतं. भाड्याचा छोटा गाळा, दोन शेगड्या, तीन बायका. त्यातल्या दोघी दिव्याहून लोकलने यायच्या. गिऱ्हाईक बहुतेक नौपाड्यातलंच: मुलं परदेशी, घरात दोघंच, गुडघे कुरकुरणारे. लोकल थांबली आणि केंद्राचं शटर खाली आलं. जूनच्या मध्यावर लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. पोळ्या लाटणं त्या यादीत नव्हतं. सरसकट सगळ्या बायकांना गाडीत चढता आलं ते 21 ऑक्टोबरपासून. मधल्या काळात, जुलैत, ठाण्यात पुन्हा कडक टाळेबंदी झाली ती वेगळीच.

31 ऑगस्टला सांख्यिकी खात्याने एप्रिल ते जूनचा आकडा दिला. देशाचं उत्पादन आदल्या वर्षीपेक्षा 23.9 टक्क्यांनी घसरलं होतं. शेती तेवढी 3.4 टक्के वाढली. बांधकाम निम्म्यावर आलं; व्यापार, हॉटेलं, वाहतूक आणि दळणवळण हा गट 47 टक्के खाली. नौपाड्यात ना शेत ना कारखाना. इथला बाजार म्हणजे हाच गट.

पण या आकड्यात आमचं केंद्र कुठे बसतं? तिमाही अंदाज बांधताना शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे निकाल हाताशी असतात. गल्लीतल्या धंद्यांचे हिशेब इतक्या लवकर कुठून मिळणार? म्हणून बऱ्याच ठिकाणी मोठ्यांच्या चालीवरून छोट्यांची चाल धरली जाते. एरवी हे खपून जातं. पण मोठे घरपोच सामान पोचवत होते आणि छोट्यांच्या शटरला कुलूप होतं, त्या वर्षी हे एकाची नाडी धरून दुसऱ्याचा ताप सांगण्यासारखं होतं.

मदतही आली. मे महिन्यात जाहीर झालेल्या 20 लाख कोटींच्या पॅकेजमध्ये छोट्या उद्योगांसाठी 3 लाख कोटींची विनातारण कर्जाची योजना होती. पैसे बुडाले तर हमी केंद्र सरकारची. योजनेने पुष्कळ धंदे तगवले, हे मान्य करायला हवं. मेख वेगळीच होती. 29 फेब्रुवारी 2020 ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक, त्याच्या 20 टक्के नवं कर्ज मिळणार. कर्जच नसेल तर? शून्याचे 20 टक्के. ‘कुणाचं एक पैसा देणं नाही’ हे आपल्याकडे छाती फुगवून सांगतात; या योजनेत नेमकं तेच नडलं. जूनमध्ये स्वनिधी योजना आली, फेरीवाल्यांना 10,000 रुपयांपर्यंत कर्ज. पण गाळेवाला म्हणजे फेरीवाला नव्हे. मुद्रा कर्जाची नेहमीची वाट होतीच. मात्र भवानीच होत नसताना हप्ता अंगावर घ्यायला कोण धजावणार? केंद्राचं डिपॉझिट हळूहळू थकलेल्या भाड्यात वळतं झालं.

दरम्यान रिझर्व्ह बँकेने मार्च ते मे या दोन महिन्यांत रेपो दर 5.15 वरून 4 टक्क्यांवर आणला. ज्यांचे पगार घरबसल्या चालू होते, त्यांचं फावलं: गृहकर्ज स्वस्त, वर सप्टेंबरपासून राज्य सरकारची मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सूट. व्याजावर जगणाऱ्यांची गत उलटी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर 1 एप्रिल 2020 पासून 8.6 वरून 7.4 झाला. त्यानंतर 15 लाख गुंतवणाऱ्याला वर्षाला 18,000 रुपये कमी. पुढच्या वर्षी 31 मार्चला आणखी कपात जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, आदेश नजरचुकीने निघाला असं सांगून मागे घेतली गेली. आमच्या सोसायटीतल्या आजोबांनी त्या रात्री कागदावर मांडलेला हिशेब सकाळी फाडून टाकला. रोजच्या चार पोळ्यांच्या तीन मात्र त्यांनी आधीच केल्या होत्या. म्हणजे केंद्र पुन्हा उघडलं असतं, तरी गिऱ्हाईक पूर्वीएवढं उरलं नव्हतं.

2021 चा पाडवा 13 एप्रिलला आला. दुकानं आठवडाभर आधीच बंद, आणि पाडव्याच्या रात्रीच आणखी कडक निर्बंध जाहीर झाले. त्याच तिमाहीचा आकडा ऑगस्टअखेर आला: 20.1 टक्के वाढ. विक्रमी म्हणून मथळे झळकले. हिशेब असा: आदल्या वर्षीची घसरण सुधारित आकड्यांत 24.4 टक्के, म्हणजे शंभराचे 76 उरले होते. त्या 76 वर 20 टक्के चढले की होतात 91. रुपयांत सांगायचं तर 35.66 लाख कोटींवरून 26.95 आणि मग 32.38 लाख कोटी. 2021-22 हे अख्खं वर्ष धरलं, तेव्हा कुठे देश महासाथीपूर्वीच्या पातळीच्या जरासा पुढे गेला. ही भरपाई खोटी नाही. फक्त ज्यांच्या हातून पैसा गेला, त्यांच्याच हातात तो परत आला असं नाही.

2 एप्रिल 2022 ला, पुन्हा पाडव्यालाच, राज्यातले सगळे निर्बंध उठले. दोन वर्षांनी स्वागतयात्रा निघाली. केंद्राच्या गाळ्यात तोवर मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. दिव्याच्या दोघींपैकी एक बाई मात्र अजून येतात, पहाटे घरी लाटलेल्या पोळ्या पिशवीत घालून. गाळ्याचं भाडं नाही, त्यामुळे पोळी स्वस्त पडते. आजोबांनी चौथी पुन्हा सुरू केली आहे. त्या पाडव्याला यात्रेमुळे रस्ता अडला होता. लेझीम पुढे सरकेपर्यंत त्या बाई फुटपाथवर पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या.