विश्लेषण : हवेत इंधन भरताना टँकरचा वेग का बदलावा लागतो?

कॉम्प्युटरवर लढाऊ विमानांचे सिम्युलेटर चालवणाऱ्यांना सर्वाधिक घाम फोडणारा भाग युद्धाचा नसतो, हवेतल्या हवेत इंधन भरण्याचा असतो. त्यातही नवख्यांची एक तक्रार ठरलेली. ‘ए-10’ विमान टँकरमागे लावले, इंजिन पूर्ण जोरात आहे, तरी टँकर पुढे पुढेच पळतो. इंधनाचा काटा तळाला येतो आणि अंतर काही मिटत नाही. चूक हाताची असेलच असे नाही. अनेकदा ती टँकरला दिलेल्या वेगाची असते.

सर्वांना एकच वेग का चालत नाही?

‘ए-10’ हे रणगाडे टिपण्यासाठी बनवलेले संथ विमान. अमेरिकेचा ‘केसी-135’ टँकर त्याच्यासाठी सुमारे 210 ते 220 नॉटवर येतो (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किमी). ‘एफ-16’साठी तोच टँकर 310 नॉटच्या आसपास उडतो. हेलिकॉप्टरना इंधन देणारे ‘हर्क्युलस’ तर 110-120 नॉटपर्यंत खाली उतरते. वेगवान विमानाला फार हळू उडवले, की त्याचे नाक वर जाते आणि नियंत्रण ढिले पडते. शिवाय इंधन भरेल तसे ते जड होत जाते. ‘एसआर-71’साठी टँकर आपल्या कमाल वेगाजवळ उडायचा, तरीही शेवटी वैमानिकाला एक आफ्टरबर्नर पेटवावा लागे.

आकड्यांचा सापळा कुठे आहे?

कॉकपिटमधला वेगाचा काटा हवेच्या दाबावर चालतो. 20 हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी असते. त्यामुळे काट्यावर 220 नॉट दिसत असताना विमानाचा खरा वेग जवळपास 300 नॉट असतो. सिम्युलेटरमध्ये मोहीम आखताना टँकरला द्यायचा वेग मात्र बहुधा खरा, म्हणजे जमिनीच्या हिशेबाचा असतो. तिथे 220 लिहिले, तर काट्यावर भरतील अवघे 160 नॉट. ‘एफ-16’साठी साधारण 415 लिहावे लागते आणि त्या टँकरला ‘ए-10’ गाठूच शकत नाही. सुरुवातीची तक्रार इथून येते.

प्रत्यक्षात असे घडले आहे का?

घडले आहे, आणि तिथे ‘रीस्टार्ट’चे बटण नव्हते. 1982च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश हवाई दलाची ‘हर्क्युलस’ विमाने असेन्शन बेटावरून दक्षिणेकडे जात. इंधन द्यायला होते जेट इंजिनांचे ‘व्हिक्टर’ टँकर. अडचण अशी, की व्हिक्टरचा किमान वेगही हर्क्युलसच्या कमाल वेगापेक्षा जास्त. खाली अथांग अटलांटिक. मग उपाय निघाला घसरगुंडीचा. दोन्ही विमाने सुमारे 23 हजार फुटांवरून मिनिटाला 500 फूट या गतीने एकत्र खाली येत. उतारावर हर्क्युलसला हवा तो जास्तीचा वेग मिळे आणि नळी जोडलेली राही. या युक्तीला ‘टोबोगन’ म्हणतात.

भारताचा अनुभव काय?

10 सप्टेंबर 2018 रोजी ‘तेजस’ने हवाई दलाच्या ‘आयएल-78’ टँकरकडून पहिल्यांदा हवेत इंधन घेतले. उंची 20 हजार फूट, वेग 270 नॉट, इंधन 1,900 किलो. त्याआधी 4 आणि 6 सप्टेंबरला इंधन न घेता नुसती जोडणी करून पाहण्यात आली होती.

सिम्युलेटरमध्ये मग काय करावे?

संथ आणि वेगवान विमाने एकाच मोहिमेत असतील, तर दोन टँकर ठेवावेत. दोघांची उंची आणि रेडिओ चॅनेल वेगळे असावे. वेग लिहिण्याआधी उंची पाहावी. टँकर फक्त उंच नेला आणि आकडा तोच ठेवला, तर काट्यावरचा वेग पुन्हा घसरतो.